‘तपासलं की काहीतरी निघतंच’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरची "अहो ताई" म्हणाली की पुढचं मला पाठ असतं. पुण्यात सिंहगड रोड, दत्तवाडी, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्या ह्या पट्ट्यात माझी एक गायनॅक मैत्रीण आणि तिच्या ओळखीच्या काही संस्था मिळून बायकांसाठी तपासणीचे कॅम्प घेतात. मी ना डॉक्टर ना नर्स, मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे माझी नेमणूक कायम नोंदणीच्या टेबलावर. नाव, वय, पाळी चालू आहे की गेली, मुलं किती, तंबाखू-मिश्री लावता का, एवढं विचारायचं, कागद हातात द्यायचा आणि पुढे पाठवायचं. पण ह्या टेबलावर बसलं की एक गोष्ट कळते, बायका डॉक्टरला जे सांगत नाहीत ते इथे सांगतात. आत डॉक्टरसमोर "हो मॅडम, करते मॅडम", आणि बाहेर माझ्याकडे वाकून हळूच, "ताई, शुगर बघा, बीपी बघा, रक्त पण घ्या पाहिजे तर, पण ते पडद्यामागचं नको हं."

पडद्यामागचं म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि छातीची तपासणी. आमच्या कॅम्पला बीपी-शुगरची रांग हॉलच्या बाहेर चपलांपर्यंत जाते आणि पडद्यापाशी नर्स एकटी उभी असते. आणि हे काही आमच्याच भागाचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी केलीय का, तर देशभरात हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. स्तनांची तपासणी केलेल्या ०.९ टक्के. तोंडाची पण तेवढीच. खरंतर २०१६ पासून सरकारचा कार्यक्रम आहे, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तोंडाची आणि बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला पाहिजे, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म पण भरतात, पण फॉर्म भरणं वेगळं आणि पडदा ओलांडणं वेगळं.

आता सगळीकडे समज असा आहे की लोकांना माहिती नाही म्हणून ते येत नाहीत. मग पोस्टर लावा, गुलाबी रिबीन लावा, ऑक्टोबरात वॉकेथॉन काढा. मला हे मनापासून पटत नाही. कॅन्सर माहीत नाही असं एक घर मला अजून भेटलेलं नाहीये. प्रत्येकीच्या नात्यात कोणीतरी गेलेलं असतं, कोणाची थोरली जाऊ, कोणाचे मामा, कोणाच्या शेजारची तरुण मुलगी. आणि गोष्ट सगळ्यांची एकच असते, कळलं तेव्हा उशीर झाला होता, मुंबईला टाटाला नेलं, सोनं मोडलं, गावाकडचा तुकडा विकला, आणि माणूस पण गेला. म्हणजे ह्या बायकांनी जेवढ्या केसेस डोळ्यांनी पाहिल्यात त्या सगळ्यांत "कळलं" आणि "गेली" ह्याच्यात काही महिन्यांचंच अंतर होतं. मग त्यांनी असं धरून चालणं की कळल्यामुळेच सगळं सुरू होतं, न कळलं असतं तर आणखी चार दिवस सुखाचे मिळाले असते, ह्यात अडाणीपणा कुठे आहे? जे दिसलं त्यावरून काढलेला तो हिशोब आहे. फक्त त्या हिशोबात अर्ध्या नोंदी गायब आहेत.

कोणत्या नोंदी गायब, ते मला आमच्याच सोसायटीत कळलं.

आमच्या भिशीत एक काकू आहेत, साठीच्या आसपासच्या, सकाळी सारसबागेत फिरायला जाणाऱ्या, मार्गशीर्षातल्या गुरुवारी सगळ्यांना आवर्जून बोलावणाऱ्या. एकदा कॅम्प संपल्यावर खुर्च्या आवरायला आल्या होत्या, हॉलमध्ये आम्ही दोघीच, आणि मी नेहमीसारखी कुरकुर करत होते की आज परत पडद्यामागे कोणी गेलं नाही. काकू खुर्च्या एकात एक घालता घालता अगदी सहज म्हणाल्या, "माझं झालंय डाव्या बाजूचं." मला पटकन कळलंच नाही. मग त्या खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. पंचेचाळीशी उलटली तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मागे लागून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायला लावली होती, हाताला काहीही लागत नव्हतं, दुखत नव्हतं, पण फोटोत एक बारीकसा ठिपक्यांचा पुंजका दिसला. सुई घालून तुकडा काढला, कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. स्तन पूर्ण काढावं लागलं नाही, फक्त तेवढा भाग काढला, मग काही आठवडे रेडिएशन, मग पाच वर्षं रोज एक गोळी. संपलं. त्याला इतकी वर्षं झाली की त्यांची मुलगी आता स्वतः आई आहे.

आणि हे सोसायटीत कोणालाही माहीत नव्हतं. रेडिएशनच्या दिवसांत त्यांनी सांगितलं होतं की बहिणीला बरं नाही म्हणून नाशिकला जाऊन आहे, आणि राहिल्या होत्या कोथरूडला भाच्याकडे, तिथून रोज जात होत्या. गोळ्यांची पाकिटं फाडून गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवायच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या बाईने किंवा पाहुण्यांनी डबी उघडली तरी प्रश्न नको. का, तर मुलीचं लग्न व्हायचं होतं. "आईला कॅन्सर म्हटल्यावर स्थळं येतील का गं? लोक म्हणणार मुलीला पण होणार." खरं बघायला गेलं तर स्तनांच्या कॅन्सरमध्ये आईवडिलांकडून आलेल्या जनुकामुळे होणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात, बहुतेक बायकांच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो, पण पत्रिका बघणाऱ्यांना हे कोण सांगणार. मी काकूंना अजिबात दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं.

पण ह्याचा परिणाम काय होतो बघा. जी उशिरा कळून गेली तिची गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत, तिच्या दहाव्याला दोनशे माणूस. आणि जी लवकर कळून बरी झाली ती भिशीत आपल्या शेजारी बसून पोहे खातेय आणि आपल्याला पत्ता नाही. मग बायकांना कुठून वाटणार की हा आजार बरा होतो? त्यांनी बरी झालेली बाई पाहिलेलीच नाही! मला तर वाटतं तपासणीला न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, लाजेपेक्षा मोठं, पैशापेक्षाही मोठं.

लाज आहेच, नाही असं नाही. डॉक्टर बाई आहे का बुवा आहे हा पहिला प्रश्न असतो, आत विद्यार्थी उभे असतील का हा दुसरा. आणि घरचं गणित तर विचारूच नका. दुपारी तीनला नळाला पाणी येतं, चारला पोरं शाळेतून येतात, सासूबाईंना काय सांगून निघायचं, "ह्यांना विचारते" म्हणून गेलेली परत येत नाही. स्वतःला काही दुखत नसताना स्वतःसाठी दोन तास काढणं हेच मुळी चैनीचं वाटतं. माझ्या ऑफिसातल्या, हिंजवडीत काम करणाऱ्या, कंपनीने फुकट चेकअपचं कूपन दिलेल्या मुली पण हेच करतात, फक्त कारण वेगळं असतं, रिलीज आहे, अप्रेझल आहे, मार्चनंतर बघू. त्यामुळे शिकलेल्या येतात आणि न शिकलेल्या येत नाहीत असं काही मला दिसलेलं नाही. शिकलेल्या जास्त छान शब्दांत टाळतात.

बाहेरच्या देशातही हे आहेच. इंग्लंडमध्ये १९८८ पासून गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र घरी येतं, तपासणी फुकट, तरी आज साधारण दहातल्या तीन बायका वेळेवर जात नाहीत. तिथे लोकांना प्रश्न विचारून २०१३ साली एक अभ्यास छापून आला होता, सहा देशांची तुलना होती, त्यात ब्रिटनमधल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी सांगितलं की लक्षण दिसलं तरी डॉक्टरचा वेळ उगाच वाया जाईल म्हणून जायला संकोच वाटतो. हे वाचून मला आमच्या मावश्याच आठवल्या, "एवढ्याशा गोष्टीसाठी मोठ्या डॉक्टरकडे कशाला." आणि तिथेही आकडे हलले ते एका ओळखीच्या चेहऱ्यामुळे. जेड गुडी आठवते का? ब्रिटनच्या टीव्हीवरची, ‘बिग ब्रदर’मधल्या शिल्पा शेट्टीबरोबरच्या त्या भांडणामुळे आपल्याला माहीत झालेली. ती २००८ मध्ये आपल्याकडच्या बिग बॉसच्या घरात असतानाच तिला फोनवर कळलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आणि मार्च २००९ मध्ये ती गेली, वय फक्त २७. तिने आजारपण लपवलं नाही, सगळं लोकांसमोर मांडलं, आणि त्या काळात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा जवळजवळ पाच लाख जास्त बायका तपासणीला गेल्या. पाच लाख! पत्रं तर त्यांना आधीपासून येतच होती.

आता "तपासलं की निघतं" ह्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे खरंच एक गोष्ट नीट सांगितली जात नाही. पडद्यामागे जी गर्भाशयमुखाची तपासणी होते त्यात आम्ही कॅन्सर शोधायला बसलेलोच नसतो. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधीचे बदल शोधत असतो. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, तो विषाणू फार कॉमन आहे, लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी लागून जातो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो, आणि तिथून पुढे कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. पंधरा-वीस वर्षं म्हणजे केवढा वेळ आहे हातात! त्या वेळात कधीही बघितलं तर तो खराब भाग बाहेरच्या बाहेर काढता येतो, बहुतेक वेळा गर्भपिशवी काढावी लागत नाही, केमो लागत नाही.

आणि बघतात कसं, तर आमच्या कॅम्पमध्ये व्हीआयए म्हणतात ती पद्धत असते. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालतात ते साधन, घालून गर्भाशयाच्या तोंडावर पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण आपलं व्हिनेगर असतं तेच, कापसाने लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा होतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. रक्त नाही, लॅब नाही, रिपोर्टची वाट बघणं नाही. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर असंही नाही, बऱ्याचदा सूज असते, इन्फेक्शन असतं, पुढे कोल्पोस्कोपी, म्हणजे तो भाग दुर्बिणीतून मोठा करून बघणं, करून खात्री करतात. हे सगळं सांगितलं की बायकांचा चेहराच बदलतो. "म्हणजे आत्ता कॅन्सर आहे का ते नाही बघणार?" "नाही मावशी, पुढे होऊ नये म्हणून बघणार." ह्या एका वाक्यावर उठून पडद्यामागे गेलेल्या बायका मी पाहिल्यात.

आणि हे काही कुठल्या तरी परदेशी पुस्तकातलं नाहीये, आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिलंय, आणि आपल्यालाच माहीत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांच्या आसपास बायकांवर अभ्यास केला, अर्ध्या जणींची दर दोन वर्षांनी हीच ॲसिडवाली तपासणी केली, आणि करणाऱ्या कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं ट्रेनिंग दिलेल्या बायका. बारा वर्षांनी बघितलं तर तपासणी झालेल्या गटात ह्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासात हाताने स्तनांची तपासणी पण होती, त्याचा वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला पाहिजे. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, तिथे आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात मृत्यू निम्म्यावर आले. २००९ साली छापून आलाय.

पण मला ह्या सगळ्यांपेक्षा जवळची वाटते ती बार्शी. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथे सुरू झाली. तिथल्या लोकांनी सुरुवातीला टेस्ट-बिस्ट काही केली नाही. गावागावांत जाऊन बसले, बोलले, की बाई गं, पाळी गेल्यावर परत रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जात राहिलं तर घरात बसू नकोस, दवाखान्यात ये. एवढंच. आणि काही वर्षांतच दिसलं की तिथल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला यायला लागल्या. मशीन नाही, काही नाही, नुसतं बोलून. मला ह्यातलं "गावात जाऊन बसले" हे फार महत्त्वाचं वाटतं. पोस्टर बसत नाही. पोस्टरला कोणी विचारत नाही की मावशी, सासू काय म्हणते.

आता दुसरी बाजू. माझ्याच चुलत नात्यातल्या एक आत्या, त्यांना छातीत गाठ लागली होती आंघोळ करताना. दुखत नव्हती. "दुखत नाही म्हणजे साधी आहे" असं त्यांनी आणि त्यांच्या जावेने मिळून ठरवलं. खरंतर उलट आहे, स्तनांच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, पाळीच्या आधी दुखतं ते बहुतेक वेळा साधंच काहीतरी असतं. मग कोणीतरी लेप दिला, कोणीतरी काढा दिला, मग गणपती आले, मग भाच्याचं लग्न. शेवटी डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी सुईची तपासणी सांगितली आणि घरात मोठी सभा बसली, कारण सुई लावली की पसरतो हे सगळ्यांना पक्कं माहीत. मी फोनवर घसा सुकेपर्यंत सांगत होते की सुईने पसरत नाही, पसरलेला असला तर तो आधीच असतो, सुई फक्त सांगते, पण माझं कोण ऐकणार, मी अकाउंट्सवाली. तिथे पण दोन महिने गेले. बगलेत गाठी आल्यावर ट्रीटमेंट सुरू झाली. आत्या आता नाहीत. आपल्या देशात स्तनांचा कॅन्सर झाल्यावर पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्या बायका साधारण ६६ टक्के आहेत असं २०१०-१४ च्या केसेसवरून एका जागतिक अभ्यासात आलं, अमेरिकेत तोच आकडा ९० आहे. औषधांचा फरक आहे, पैशाचा आहे, पण कोणत्या स्टेजला बाई पोचते हा फरक त्यात फार मोठा आहे, आणि आमच्या आत्या त्या आकड्यातल्या आहेत.

तोंडाच्या तपासणीबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहिते कारण पुण्यात ह्यावर फार कमी बोललं जातं. पुरुषांचं गुटखा-मावा सगळ्यांना माहितीये. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हेही सगळ्यांना माहितीये. पण बायकांची मिश्री? तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा, आणि सकाळी हिरड्यांना चोळत बसायचं. धुणंभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या कितीतरी मावश्या, आणि घरातल्या आज्या पण, दिवसातून तीन-चार वेळा लावतात. "तंबाखू खाता का" विचारलं की ठामपणे "नाही", कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून मी आता टेबलावर वेगळं विचारते, "मावशी, दात कशाने घासता?"

अशीच एक मावशी आली होती, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात भाजीची पिशवी, बीपी बघायला. मी दात कशाने घासता विचारलं तर पदराच्या गाठीतून डबीच काढून दाखवली. डेंटिस्ट मुलगी आमच्याबरोबर होती, तिने खुर्चीत बसवून टॉर्च मारला, गालाच्या आत खालच्या बाजूला, जिथे मिश्री धरून ठेवतात तिथे, एक पांढरा खरखरीत पट्टा, बोटाच्या पेराएवढा, पुसला तरी न निघणारा. मावशीला काहीही त्रास नव्हता, फक्त "तिखट जरा लागतं हल्ली" म्हणाली. ह्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, हा कॅन्सर नाही, पण पुढे त्याचा होऊ शकतो. तुकडा तपासला, सुदैवाने पुढचं काही नव्हतं, मिश्री बंद करायला लावली, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं. एक टॉर्च आणि दोन मिनिटं लागली ह्याला. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला असा अभ्यास झाला होता, २००५ साली त्याचा निकाल आला, तंबाखू-दारूची सवय असलेल्यांचं तोंड नुसतं बघत राहिल्याने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. घरी आरशात पण बघता येतं, दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं फोड किंवा जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आणि तोंडात आपलीच तीन बोटं उभी जातायत का. नाही जात तर दाखवा, उद्याच दाखवा.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. ह्या भीतीचा धंदा पण जोरात आहे. पेपरात पानभर जाहिरात, फुल बॉडी चेकअप, इतक्या टेस्ट, त्यात कॅन्सर मार्कर फ्री. लोकांना वाटतं रक्त दिलं, कॅन्सरचं बघून झालं. तसं नसतं हो. सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो) सारखे मार्कर धडधाकट बाईत कॅन्सर शोधायला उपयोगी नाहीत, पाळीत, गाठींमध्ये, एन्डोमेट्रिओसिसमध्ये पण ते वाढतात. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. कोरियात चेकअपमध्ये सगळ्यांच्या गळ्याची सोनोग्राफी करायला लागले तर थायरॉइडच्या कॅन्सरच्या केसेस दीड-दोन दशकांत १५ पट झाल्या, मरणाऱ्यांचा आकडा तिथेच राहिला, म्हणजे ज्या गाठींनी आयुष्यात कधी त्रास दिला नसता त्यांच्यासाठी माणसांचे गळे कापले गेले. म्हणजे "तपासलं की निघतं" म्हणणाऱ्या बायका अगदीच चुकीच्या नाहीत! चुकीचं तपासलं की नको ते निघतं. म्हणूनच काय तपासायचं आणि काय नाही हे कोणीतरी ओळखीच्या माणसाने समजावून सांगायला पाहिजे. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, ह्या तीन ठिकाणी लवकर बघण्याचा फायदा आपल्याच लोकांमध्ये तपासून झालाय, तिथे आधी जा, पॅकेज राहू दे.

आणि तपासून झाल्यावर पुढे काय, ह्याची सोय नसेल तर कॅम्प घेऊच नये असं माझं स्पष्ट मत झालंय. मागे एका दुसऱ्याच ग्रुपने आमच्या जवळ कॅम्प घेतला होता, पॅपचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचे, नमुने घेतले, फोटो काढले, आणि रिपोर्ट काही बायकांना मिळालेच नाहीत. फोन केला की पुढच्या आठवड्यात. त्यातली एक माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, मी तीन महिने झोपले नाही." तिला काहीही नव्हतं, नंतर दुसरीकडे तपासून घेतलं, पण त्या बाईला आता कोणी परत पडद्यामागे बोलवून दाखवावं. तिच्या गल्लीतल्या दहा जणी पण नाही येणार. पैशाचं पण तसंच, "निघालं तर खर्च कुठून करू" ह्या प्रश्नाला उत्तर तयार पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण हे कार्ड कुठे काढायचं, कोणत्या हॉस्पिटलात चालतं, हे टेबलावरच सांगितलं तर बाई आत जाते, नाहीतर नाही.

तर आता आम्ही थोडं बदललंय. बीपी-शुगर आधी आणि पडदा शेवटी अशी रांग असायची, त्यामुळे शुगर झाली की बायका घरी. आता पडदा मधे आहे. त्याच्यावर कॅन्सर हा शब्द असलेलं बॅनर काढून टाकलं, "पिशवीच्या तोंडाची तपासणी, बाई डॉक्टर, पाच मिनिटं" असा साधा कागद लावला. व्हीआयएत पांढरं दिसलं तर कोण कुठे घेऊन जाणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि बाईला एकटीला पाठवत नाही, आमच्यातली कोणीतरी बरोबर जाते.

आणि काकू. मी त्यांना कधी आग्रह केला नव्हता, करणारही नव्हते. मुलीचं सगळं मार्गी लागलं, नातू झाला, आणि मागच्या कॅम्पच्या आधी त्यांचाच फोन आला की मी तुझ्या शेजारी बसू का टेबलावर. बसल्या. भाषण नाही, काही नाही, कोणी "नको हो ते, तपासलं की निघतं" म्हणालं की काकू शांतपणे म्हणायच्या, "माझं निघालं होतं की. बसलेय बघा तुमच्यासमोर." त्या दिवशी पडद्यापाशी पहिल्यांदा रांग लागली आणि नर्सला मधे चहा प्यायला पण वेळ मिळाला नाही.

पुढचा कॅम्प दिवाळीनंतरच्या रविवारी ठेवतोय, सकाळी दहा ते एक, आणि कामाला जाणाऱ्या मावश्यांसाठी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ वेगळा, कारण सकाळी त्यांना सुट्टी मिळत नाही. तोंडाच्या तपासणीला पुरुषांनी पण यायचंय. पाळी चालू असेल तर पडद्यामागची तपासणी पुढच्या वेळी करू, बाकीचं होईल. रेशन कार्ड आणि आधार बरोबर आणा, योजनेच्या कार्डाचं तिथेच बघू. आणि तुमच्यापैकी कोणी ह्यातून जाऊन बऱ्या झालेल्या असाल आणि काकूंच्या शेजारी तासभर बसायची तयारी असेल तर मला कळवा, अजून दोन खुर्च्या ठेवता येतील.